दिवसभर पुरेल असा

फिडलर टेकडी
९ मे

लारो,

पोचलो. झाडांच्या उत्तर बाजूला अजून बर्फ आहे. उंदरांनी गादी कुरतडली आहे. बाकी सगळं गेल्या वर्षी सोडलं तसंच. नदीकाठी आल्फोन्सच्या धुराड्यातून धूर येताना दिसला, म्हणजे म्हातारा हिवाळ्यातून तरला. सापळे आवरले की हरणाचं मांस घेऊन येईल आणि माझी कॉफी संपवून जाईल.

आता काम सांगतो. तू दिलेला व्हेप, ती वाफेची सिगारेट, मला लहान पडतो. सकाळी टेहळणीच्या मनोऱ्यावर चढताना भरलेला असतो आणि दुपारच्या रेडिओच्या आधीच संपतो. मग नुसता दिवा लुकलुकतो. चार्ज करायचा तर खाली खोलीत यावं लागतं. उन्हाळा तापला की वणव्यांवर नजर ठेवायला आम्हाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वरून हलता येत नाही, हे तुला माहीत आहे. शिडी सरळ उभी, कमरेला पट्टा, आणि माझं फुप्फुस आता दीडच. दिवसातून एकदा चढणं जमतं. दुसऱ्यांदा चढलो की वर पोचून जमिनीवर बसून राहतो, आणि बसल्या जागेवरून जंगल दिसत नाही.

शिवाय तो पुरत नाही. ओढलं तरी काही आल्यासारखं वाटत नाही. चाळीस वर्षं खरी सिगारेट ओढलेल्या माणसाला ते खेळणं आहे. जरा दमदार बघ. बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. छपरावर सौर पत्रा आहे, पण त्यावर रेडिओ चालतो. त्यातून उरेल तेवढं माझं. ढगाळ दिवशी काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट. कपाटात पिठाच्या डब्यामागे गेल्या कुठल्या तरी वर्षीचं सिगारेटचं पाकीट सापडलं. फोडलेलं नाही. मी ते फेकलंही नाही. डॉक्टरीण काय म्हणाली ते तू मुलगी म्हणून माझ्या शेजारी बसून ऐकलंस, म्हणून तुला कळवतो आहे.

काचा बाहेरून धुतल्या. आतून नाही. आतून पुसायच्या त्या उतरताना, पुढच्या माणसासाठी. हंगाम चालू असताना कोणी आतून काचा पुसल्या तर त्याचा मुक्काम उठतो, असं सगळे मनोरेवाले म्हणतात. मी असलं काही मानत नाही. पुसतही नाही.

रेजाँ खालून ओरडतो आहे, 'म्हाताऱ्या, पुस्तक लिहितोस का?' त्याचं हेलिकॉप्टर महिन्यातून एकदा सामान टाकतं. पत्रं त्याच्याबरोबर जातात आणि त्याच्याबरोबरच येतात. रेडिओवर असलं काही बोलता येत नाही. सगळे मनोरे ऐकत असतात.

तातो


एडमंटन
१९ मे

तातो,

आधी पाकीट फेक. मग पुढचं वाच.

फेकलंस? खोटं बोलू नकोस.

आमच्या व्हेपच्या दुकानात रोज कोणीतरी येऊन तुझंच वाक्य म्हणतं. दमदार पाहिजे आणि बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे. मी प्रत्येकाला सांगते की या दोन गोष्टी एकमेकींच्या तोंडचा घास काढतात. जोर वाढवला की बॅटरी लवकर संपते. बॅटरी टिकवायची तर जोर कमी ठेवावा लागतो. मग ते म्हणतात, दोन्ही पाहिजे, आणि शिवाय शर्टाच्या खिशात मावलं पाहिजे. त्यांना मी शेजारचं चपलांचं दुकान दाखवते.

तुला आधी बरंच विचारायचं होतं. तोंडात धरून मग आत घेतोस की सरळ छातीत ओढतोस? घसा खवखवतो का? पण माझा प्रश्न जूनच्या हेलिकॉप्टरने येणार आणि व्हेप जुलैच्या. तोवर तू त्या पाकिटाशेजारी बसणार. म्हणून मीच ठरवलं.

काल दुकान बंद झाल्यावर तीन व्हेप टेबलावर मांडून बसले. एकाची बॅटरी आतच बसवलेली, दोन दिवस टिकते, पण दम तुझ्या जुन्याइतकाच. दुसरा चांगला दमदार, पण एकाच बॅटरीचा, जेवणापर्यंत आटपतो. तिसऱ्यात दोन बॅटऱ्या बसतात आणि त्या काढून बदलता येतात. दिसायला कुरूप आहे. विटेसारखा जड. तोच पाठवते आहे. सोबत चार बॅटऱ्या, दोन आत आणि दोन जादा. रात्री खाली चार्ज कर, जादाच्या दोन वर ने. मधे शिडी उतरायची गरज नाही.

आता नीट ऐक. दोन बॅटऱ्यांवर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे आणि दोनवर निळा. लालबरोबर लाल, निळीबरोबर निळी. एकत्र वापरायच्या, एकत्र चार्ज करायच्या. दुकानात आम्ही त्याला लग्न म्हणतो. जोडी मोडली की एक दमते आणि दुसरी तिला ओढत राहते, आणि मग दोघीही तापतात. हसू नकोस. सुटी बॅटरी कधीही खिशात टाकायची नाही. तेल कंपनीतला एक माणूस किल्ल्यांच्या खिशात सुटी बॅटरी टाकून आमच्याकडे आला होता. किल्ल्यांना लागून ती खिशातच पेटली, जाताना ॲम्ब्युलन्समधून गेला. सोबत प्लास्टिकची डबी दिली आहे, तीच वापर.

जोराचा आकडा चाळीसच्या वर नेऊ नकोस. पुढे साठ, ऐंशी, शंभर लिहिलेलं आहे, पण ते पोरांसाठी. जुनं लिक्विड यात घालू नकोस, ते पातळ आणि कडक आहे. यातून ओढलंस तर डोकं गरगरेल, आणि तू शिडीवर असशील. नवीन देते आहे ते दाट आहे, ग्लिसरीन जास्त आणि निकोटिन कमी. वाफ भरपूर येते. तुला काहीतरी आल्यासारखं वाटेल.

पाकीट फेक.

लारिसा


फिडलर टेकडी
८ जून

लारो,

मिळाला. रेजाँ चहा पितो आहे तोवर लिहितो. वीटच आहे. रेजाँने हातात घेऊन पाहिला. म्हणाला, 'तू आगी शोधायला बसला आहेस की लावायला?'

लाल आणि निळं कळलं. मी तुझं गिऱ्हाईक नाही.

पाकीट आहे तिथेच आहे. खोटं बोलू नकोस म्हणालीस म्हणून लिहिलं.

तातो


एडमंटन
२४ जून

तातो,

एवढंसं पत्र! रेजाँला जास्त चहा पाजत जा.

इकडे धूर उतरला आहे. उत्तरेकडच्या आगींचा असणार. सकाळी सूर्य कच्च्या अंड्याच्या बलकासारखा दिसतो आणि लोक मास्क लावून आमच्याकडे व्हेप घ्यायला येतात. काल एक बाई म्हणाली, 'हवेचं काही खरं नाही हो, निदान आपण काय आत घेतो ते तरी आपलं असावं.' मला हसावं की काय ते कळेना.

मालकाने आता दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. म्हणजे बढती. म्हणजे आता मी अर्धा तास आधी येते आणि काचा पुसते. तुला वाटेल काचांना काय होतंय? आदल्या दिवशी गिऱ्हाइकं उभी राहून चव बघतात, ती सगळी वाफ रात्रीत काचेवर बसते. दिसत नाही. बोट फिरवलं की कळतं. बोटाने नाव लिहिता येतं. साबणाने नुसती पसरते. व्हिनेगर आणि जुनं वर्तमानपत्र लागतं. हाताला दिवसभर लोणच्याचा वास येतो. बसमध्ये शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

तुझं काय चाललं आहे? ती वीट टिकते का दिवसभर? चाळीसच्या खाली आहेस ना? आणि ते दुसरं?

पीचचे डबे पाठवते आहे. सारण भरून उकडलेल्या वरेनिकी पाठवता येत नाहीत, रेजाँ खाऊन टाकतो.

लारिसा


फिडलर टेकडी
६ जुलै

लारो,

या वेळी आधीच लिहून ठेवतो आहे, म्हणजे घाई नको.

व्हेप चांगला आहे. मी तुला आजवर कशाबद्दल चांगला आहे असं कळवलं नसेल, म्हणून नीट लिहितो. सकाळी लाल जोडी घालून वर जातो. दुपारच्या रेडिओनंतरही अर्धी उरते. निळी डबीत असते. बहुतेक दिवस तिची गरज पडत नाही. आकडा चाळीसवर आहे. एकदा पंचेचाळीस केला होता. छातीत काहीतरी येतं. खोकला सकाळचाच राहिला आहे. तासातासाला ओढतो. डासांमुळे खिडक्या बंद असतात, त्यामुळे वाफ वर बराच वेळ तरंगते. बरं वाटतं. कोणीतरी सोबत बसल्यासारखं.

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी खाली येऊन ते पाकीट चुलीत घातलं. फोडलं नाही. प्लास्टिकचा वास आला, मग तंबाखूचा. दार उघडून बाहेर जाऊन उभा राहिलो. विझेपर्यंत आत आलो नाही. तुला हे कळलेलं बरं.

आता दुसरं, आणि हे तुझ्यापुरतंच ठेव.

गेल्या आठवड्यात वर्नाने धूर कळवला. ओटर तळ्यावरच्या मनोऱ्यावर असते ती. धूर माझ्या बाजूचा होता, माझ्या टेकडीच्या पायथ्यापासून फार लांब नाही. तिला तिकडून दिसला आणि मला इथून दिसला नाही. रेडिओवर मी तिचा आवाज ऐकला, चकतीवर दिशा लावून पाहिली, दुर्बीण लावली. सगळीकडे दुधासारखं. पाणी टाकणारी विमानं आली आणि विझवून गेली, आग लहान होती. मग वर्ना म्हणाली, 'ओरेस्ट, तू जेवत होतास का?' चेष्टेत म्हणाली. बाकीचे हसले. मी हो म्हणालो.

एवढ्या उन्हाळ्यांत माझा धूर माझ्याआधी कोणी कळवला नव्हता.

आधी वाटलं हवेत उत्तरेचा धूर आहे. आहेच. पण वर्नालाही तीच हवा आहे. आल्फोन्सच्या धुराड्याचा धूरही आता सकाळी दिसत नाही. गावाला गेला असावा. परवा डाव्या बाजूची खिडकी उघडली तेव्हा जरा बरं दिसलं. वारा फिरला असेल. डास आत आले, बंद केली.

माझा बाप साठीत आंधळा झाला, तुला आठवत नसेल. आधी त्याला असंच दिसायचं. तो म्हणायचा, सगळ्यावर कोणीतरी दूध सांडलं आहे. मी आता त्याच्यापेक्षा मोठा आहे.

वनखात्याला कळलं तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. इथे नसलो तर मी कुठे असेन ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. तुझ्या बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, आणि खिडकीच्या फटीतून सिगारेट बाहेर धरून. म्हणून कोणाला सांगू नकोस.

नेहमीसारखे पीच पाठवले असशील तर खाईन.

तातो


एडमंटन
१३ जुलै

तातो,

चुलीचं वाचलं तेव्हा गल्ल्यावरच रडू आलं. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, 'ताई, मी पूर्ण किंमत देतो, रडू नका.'

डोळ्यांचं मी कोणाला सांगितलं नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, तू उतरलास की लगेच. मोतीबिंदू असेल तर आता काही नसतं ते, सकाळी जायचं आणि दुपारी घरी. शेजारच्या मिसेस फाँगचे दोन्ही झाले, आता तिला माझ्या खिडकीतली धूळसुद्धा दिसते आणि ती मला सांगते. तोवर हे थेंब घाल. उन्हाचा चष्मा पाठवला आहे, तो लाव. दुर्बीण फार वेळ धरू नकोस.

लिक्विडच्या आणखी दोन बाटल्या ठेवल्या आहेत, तेच दाट, तुला मानवतं ते. पाकीट जाळलंस, आता मधे खंड नको.

तू बसून राहा तातो. सप्टेंबर लांब नाही.

लारिसा


एडमंटन
२३ जुलै, रात्री

तातो,

हे आणि आधीचं, दोन्ही पत्रं तुला एकदमच मिळतील. हे आधी वाच. थेंब घालू नकोस. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

काल सकाळी मी दुकानाच्या काचा पुसत होते. अर्धी काच पुसून झाली आणि बाहेर रस्त्यापलीकडची बेकरी दिसली. उरलेल्या अर्ध्यातून बेकरी होती, पण दुधात बुडवल्यासारखी. मी तिथे वर्तमानपत्र हातात धरून उभी राहिले. दूध. तुझाच शब्द.

काच आहे तातो. वाफ आहे. तू त्या काचेच्या खोक्यात दिवसभर ओढतोस, खिडक्या बंद, आणि मी तुला दाट लिक्विड दिलं, कारण तुला काहीतरी आल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. ते सगळं काचेवर बसलं आहे. दीड महिन्याचं. तू हंगामात आतून पुसत नाहीस हे मला माहीत होतं, तू मे महिन्यातच लिहिलंस. आणि जूनमध्ये मी तुला दुकानाच्या काचांबद्दल लिहिलं, लोणच्याच्या वासासकट. मी बॅटऱ्यांना नेलपॉलिश लावलं. किल्ल्यांचं सांगितलं, आकड्याचं सांगितलं. काचेचं सांगायचं सुचलं नाही, कारण ते मी रोज करते.

आज सुट्टी घेऊन वनखात्याच्या तळावर गेले. सकाळी निघाले, वाटेत गाडीचे दिवे लावूनच जावं लागलं, इतका धूर. म्हटलं, निदान हे पत्र कोणीतरी उद्या वर टाकेल. टेबलामागे एक बाई होती, चांगली होती बिचारी, दोन फोन कानाला. म्हणाली, 'हेलिकॉप्टरं सगळी आगीवर आहेत बाळ. फिडलरला आता सामानाच्याच दिवशी. तब्येतीचं आहे का काही?'

मी म्हटलं, नाही.

'मग रेडिओवर सांगू का? दुपारची वेळ आता होईलच. काय सांगू?'

तातो, काय सांगणार होते? की फिडलरचा ओरेस्ट वर व्हेप ओढतो आणि त्याच्या काचा माखल्या आहेत? सगळे मनोरे ऐकतात. ती बाई ऐकेल, तिचा साहेब मागच्याच खोलीत होता. जंगल बघायला बसवलेला माणूस स्वतःच काचेवर धूर सोडतो. तुला त्याच दिवशी खाली आणतील. तू लिहिलं होतंस, कोणाला सांगू नकोस.

ती म्हणाली, 'बाळ, वेळ होते आहे.'

मी म्हटलं, एवढंच सांगा. लारिसा म्हणते, काचा आतून पुसून घे.

ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, 'नक्की?' मी म्हटलं, नक्की, त्याला कळेल. तिने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. मग सांगितलं. मी ऐकलं तिने सांगताना. तिकडून तुझा आवाज आला, 'फिडलर. ऐकलं.' मे महिन्यानंतर पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. धापा टाकत नव्हतास. बरं वाटलं.

परत येताना वाटेत थांबून ॲपल पाय पोटभर खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तू आता वर काचा पुसत असशील. बेकरी दिसल्यासारखं तुला सगळं दिसेल.

व्हिनेगर लागेल. साबण वापरू नकोस, पसरतं. आणि यापुढे ओढायचं असेल तर एक खिडकी उघड, डास चावले तर चावू देत.

लारिसा


फिडलर टेकडी
५ ऑगस्ट

लारो,

उद्या रेजाँ येतो आहे. त्याच्याबरोबर पलीकडच्या प्रांतातून एक माणूस येतो आहे, तो इथे बसेल. मी उतरतो आहे. मी स्वतःच सांगितलं.

तेवीस तारखेला दुपारी तुझा निरोप आला. सगळ्यांनी ऐकला. कोणीतरी हसलं. माझी मुलगी सगळ्यांदेखत मला सांगते आहे, आवर आणि घरी ये. मला राग आला. डोळ्यांचं तुला एकटीला लिहिलं होतं. वाटलं, तू तळावर जाऊन सगळं सांगितलंस. त्या रात्री तुला लिहायला बसलो होतो, ते पत्र नंतर चुलीत घातलं. ठरवलं की सप्टेंबरपर्यंत हलायचं नाही. काचांना हात लावायचा नाही.

मग तीस तारीख. सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं. दुर्बीण डोळ्याला लावून बसलो तो सोडलीच नाही. दुधाशिवाय काही नाही. तीनच्या सुमाराला वर्नाचा आवाज आला. या वेळी तिने चेष्टा केली नाही. 'ओरेस्ट, नदी. आल्फोन्सच्या वळणावर. बघ ना रे, बघ, मोठा आहे.' मी तिकडेच बघत होतो.

संध्याकाळी ज्वाळा झाडांच्या वर आल्या, तेव्हा मलाही दिसल्या.

आल्फोन्स गावाला गेला नव्हता. सगळे दिवस तिथेच होता, रोज सकाळी चूल पेटवत होता. तो होडीतून निसटला. कुत्रा त्याच्याबरोबर आला. झोपडी गेली, सापळे गेले, त्याच्या बापाने बांधलेलं मांस वाळवायचं मचाण गेलं. दुसऱ्या दिवशी तळावरून त्याला रेडिओवर आणलं. म्हणाला, 'ओरेस्ट, बरा आहेस ना? तुझा आवाज येईना म्हणून मला तुझीच काळजी.'

मी त्याच रेडिओवर सगळ्यांना सांगितलं. माझे डोळे गेले आहेत, दुसरा माणूस पाठवा. मग वर्ना म्हणाली, 'एवढे उन्हाळे बसलास बाबा.' तळावरची बाई म्हणाली, खात्यातर्फे तुझे आभार. लारो, तू निरोप दिलास तेव्हा माझं इथलं काम संपल्याचं तुला माझ्याआधी कळलं होतं, असं मला वाटलं.

आज सामान बांधलं. मग रीत म्हणून काचा आतून पुसायला घेतल्या.

पहिल्या फटक्याला कापडाला काहीतरी चिकट लागलं. पाहिलं. मग बोट फिरवलं. बोटाने मी माझं नाव लिहिलं असतं तर लिहिता आलं असतं. जूनमध्ये तू तुझ्या दुकानाच्या काचांबद्दल लिहिलं होतंस. ते मी इथेच, याच खुर्चीत बसून दोनदा वाचलं होतं. लोणच्याच्या वासाला हसलोही होतो. हातात व्हेप होता.

सगळ्या बाजू पुसल्या. सावकाश पुसल्या. पश्चिमेकडची टेकडी आली, मग तिच्यामागची, मग ज्या टेकडीचं नाव मला आठवेना झालं होतं ती. ओटर तळ्यावरचा वर्नाचा मनोरा दिसला, काडीएवढा. नदी दिसली. वळणावरचा काळा डाग दिसला, त्याच्या कडा दिसल्या. अजून कुठे कुठे बारीक धूर निघतो आहे, तोही दिसला. तो मी कळवला. वर्ना म्हणाली, 'तुला दिसलं?' मी म्हणालो, कधी कधी दिसतं.

रेडिओ हातात होता. सांगता आलं असतं. डोळे ठीक आहेत, काचेवर माझीच वाफ होती. डोळे गेले म्हटलं की लोक हळहळतात. ते तेव्हापासून माझ्याशी हळू आवाजात बोलत आहेत. दुसरं सांगितलं असतं तर आल्फोन्सने ते ऐकलं असतं, तळावर बसून, दुसऱ्याचे बूट घालून. त्याला ते रेडिओवर कळू नये. मी त्याच्याकडे जातो आहे. त्याची पुतणी तळाजवळ राहते, तो तिथे आहे. त्याच्यासमोर बसून सांगेन. तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. म्हणून एडमंटनला लगेच येत नाही, आणि म्हणून हे लिहून ठेवतो आहे. समोर बसून दोनदा सांगणं मला जमणार नाही.

व्हेप टेबलावर ठेवला आहे. बॅटऱ्या काढून डबीत घातल्या, लालजवळ लाल, निळीजवळ निळी. त्याची तक्रार नाही. तू म्हणालीस तसा दिवसभर पुरला.


६ ऑगस्ट

हेलिकॉप्टर दिसलं. आवाज अजून नाही. नदीच्या पलीकडे, माशीएवढं. उजवीकडे वळलं तेसुद्धा दिसलं.

तातो

ता. क. हे तळावरून टाकतो आहे. तुझी दोन्ही पत्रं रेजाँने हातात दिली, उडताना वाचली. निरोपाचा अर्थ मी मनोऱ्यावरच्या रीतीने घेतला. तुला ती रीत लक्षात नसेल, लहानपणी सांगितली होती आणि मेमध्ये एका ओळीत लिहिली होती. मनाला लावून घेऊ नकोस. ॲपल पाय खाल्लास ते बरं केलंस.

रेजाँने सिगारेट पुढे केली. नको म्हणालो. अजून तरी.

व्हिनेगर नव्हतं. गरम पाण्यानेही निघतं.